तुडूम आणि लघवीची गोळी

आमच्या गावात पाण्याविषयी बोलायचा अधिकार दोघांनाच होता, एक वरचा देव आणि दुसरे पुंडलिकराव. देव वर्षातून चार महिने बोलायचा, पुंडलिकराव बाराही महिने. ते आमच्या तलावाचे पाणकर होते, म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी आणि किती जाईल हे ठरवणारा माणूस. गाव एकोडीपासून दोन कोसांवर, घरं सव्वाशे, तलाव एक, तलावाचं पाणी अडवणारी मातीची पार एक आणि त्या पारीच्या पोटात तुडूम एक. तुडूम म्हणजे पाणी बाहेर काढायची वाट. तिच्यात एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात एक लाकडी दट्ट्या. कोणता दट्ट्या कधी काढायचा आणि कधी ठोकायचा, एवढ्या एका विद्येवर पुंडलिकरावांनी अठ्ठावीस वर्षं गावावर राज्य केलं.

माणूस सरळ होता, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांची बरीच टिंगल करणार आहे. सख्ख्या साळ्यालाही त्यांनी कधी पाळी मोडून पाणी दिलं नाही. त्यांची स्वतःची बांधी सगळ्यांत शेवटी भिजायची. पण सरळ माणसाला आपण सरळ आहोत याचा गर्व झाला की त्याच्यासारखा वैताग दुसरा नाही. शाळेतल्या गुरुजींनी पाण्याची वाफ कशी होते हे पोरांना शिकवलं, तर पुंडलिकराव शाळेच्या दारात जाऊन म्हणाले, "गुरुजी, पानी वरतं जाते हे मले मालूम हाय. खालतं कसं उतरवाचं ते पोट्टेहो मले इचारा."

त्यांचा एकच वैरी होता, यादोराव. यादोरावची बांधी तलावाच्या पाण्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. वीस वर्षं यादोरावचं एकच भजन चालू होतं, "मले पानी भेटलंच नाई." पोटरीभर चिखलात उभं राहूनही तो हेच म्हणायचा. पुंडलिकराव त्याला उत्तर देत नसत. पण पाणी सोडलं की टोकापर्यंत चालत जायचे, यादोरावच्या बांधावर उभं राहून धानाचा रंग बघायचे आणि मगच घरी जेवायला यायचे.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात पुंडलिकरावांच्या पायात पाणी उतरलं. आमच्याकडे कोणतीही सूज आली की पाणीच उतरतं. गाल सुजला, पाणी. पाय सुजला, पाणी. हत्तीपाय झालेल्या माणसालाही लोक पाणीच झालं म्हणतात. पुंडलिकरावांनी नडगीवर अंगठा दाबून पाहिला, खड्डा पडला आणि तसाच राहिला. चार पावलं चाललं की धाप लागायची आणि आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. दुखण्याचं त्यांना तितकं दुःख नव्हतं. दुःख याचं होतं की पाणी आलं आणि त्यांना विचारलं नाही.

त्यांची बायको सत्यभामाबाई त्यांना एस.टी.त बसवून साकोलीला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन आली. आमच्या म्हणजे मी जिथे कंपाउंडर होतो तिथल्या. माझं नाव खेमराज. मी त्याच गावचा, रोज सायकलने साकोलीला जायचो. डॉक्टर रोग ओळखायचे आणि मी डॉक्टरांचं अक्षर ओळखायचो, यातलं कोणतं काम जास्त अवघड हे देवाला ठाऊक. शिवाय मी विनोदी म्हणून तालुक्यात प्रसिद्ध होतो. औषधाच्या खिडकीवर लोक हसतहसत उभे राहायचे, आणि त्याची मला फार ऐट होती.

डॉक्टरांनी पुंडलिकरावांना नीट समजावलं. हृदय थकलंय, रक्त पुढे ढकलत नाही, म्हणून पाणी मागे तुंबतं. मीठ बंद. दोन गोळ्या आणि एक बाटली. पांढरी गोळी लघवीची, रोज सकाळी एक. तिच्याने अंगातलं पाणी लघवीवाटे निघून जाईल. दुसरी गोळी हृदयाची, आठवड्यातून पाच दिवस एक, दोन दिवस सुट्टी. बाटली होती पोटॅशियमची. लघवीच्या गोळीने पाण्याबरोबर अंगातला एक क्षारही वाहून जातो, तो भरून काढायला रोज दोन चमचे. तो क्षार कमी पडला तर हृदयाची गोळी, तीच गोळी, विषासारखी वागते. हे सगळं त्यांनी पेशंटला सांगितलं आणि मग मला म्हणाले, "खेमराज, तू पुन्हा एकदा सांग. मळमळ, उलटी, डोळ्यांना पिवळं दिसणं, यातलं काही झालं तर गोळ्या थांबवून ताबडतोब यायचं. हे विसरू नकोस."

खिडकीवर त्या दिवशी बाजाराची गर्दी. मी पुड्या बांधल्या आणि कंडक्टर थांबे सांगतो तशा सूचना सांगितल्या. पिवळ्याची सूचना तेवढी राहिली. पुंडलिकराव गोळी बोटांत फिरवून बघत होते.

"का गा खेमराज," ते म्हणाले, "पानी काढाले हे एवढीशीच गोळी?"

"हो काकाजी. एवढीशीच."

"आन पानी जास्त असल त किती घ्याच्या?"

रांगेतले लोक कान टवकारून उभे होते. मला संधी दिसली. मी म्हणालो, "काकाजी, तुमी पानकर. पानी जास्त झालं त तुमी काय करता? दुसरा दट्ट्या काढता ना?"

लोक खदखदून हसले. पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि पुडी धोतराच्या सोग्यात बांधली. मला वाटलं, म्हाताऱ्याला विनोद कळला नाही. विनोद कळला नव्हता हे खरं, पण बाकी सगळं कळलं होतं.

गोळी लागू पडली. आठ दिवसांत पाय उतरले, धाप कमी झाली, पुंडलिकराव आडवे झोपू लागले. गोळी घेतली की तासाभरात जोर लागायचा आणि दुपारपर्यंत त्यांना घर आणि परसू यांच्यातच येरझारा घालाव्या लागायच्या. पुंडलिकरावांना याची लाज नव्हती, उलट कौतुक होतं. दुसऱ्या औषधांचं काय, पोटात जातात आणि काय करतात कोणाला ठाऊक. हे औषध काम करून दाखवत होतं. पारीवर बसून ते लोकांना सांगायचे, "आज सकाळपासून सात डाव. बराबर निकासी चालू हाय."

मग त्यांनी स्वतःचं शास्त्र सुरू केलं. बाजाराच्या दिवशी एस.टी.त बसायचं तर गोळी घ्यायची नाही, कारण ड्रायव्हर काही दर मैलाला गाडी थांबवणार नाही. पण राहिलेली पाळी बुडवायची नाही हा पाणकराचा धर्म, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन. पोटॅशियमच्या बाटलीचा त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल लावला. सत्यभामाबाईला म्हणाले, "एका हातानं पानी काढतेत आन दुसऱ्या हातानं बाटलीभर पानी भरतेत. डाक्टरले तुडूम समजत नाई." बाटली लिंबाच्या झाडाला ओतली गेली. केळं खा, शहाळं प्या, असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. शहाळं म्हणजे पाणीच, म्हणून ते बंद. केळं थंड असतं, म्हणून तेही बंद. तर्कात खोट काढायला जागा नव्हती. माणूस मूर्ख असता तर वाचला असता. मूर्ख माणूस सांगितलेलं करतो.

पोळ्यानंतर पावसाने तोंड फिरवलं. तलाव अर्धाच भरला होता. पंचांनी बसून ठरवलं की लवकर येणारा हलका धान कापणीला येतोच आहे, त्याला आता पाणी नको. उशिरा येणारा भारी धान निसवतोय, त्याला दसऱ्यानंतर पंधराव्या दिवशी एकच शेवटचं पाणी द्यायचं, पाळीपाळीने. तोपर्यंत तुडूम बंद. तलावात होतं ते बरोबर एका पाण्यापुरतं. पुंडलिकरावांनी दट्ट्ये स्वतःच्या हाताने ठोकले.

याच सुमारास त्यांच्या पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन सुजला. लघवीच्या गोळीने काही जणांना असं होतं, पण ते डॉक्टरांना विचारायला कोण जाणार? ते बाजारातून दुखण्याच्या गोळ्या घेऊन आले, अंगदुखीच्या, ज्या आमच्याकडे किराणा दुकानातही मिळतात. अंगठा थांबला. पण त्या दुखण्याच्या गोळीचा गुण असा, की ती अंगात पाणी धरून ठेवते आणि लघवीच्या गोळीचं काही चालू देत नाही. पाय पुन्हा फुगले. पुंडलिकरावांना माझा विनोद आठवला. त्यांनी दुसरा दट्ट्या काढला. मग तिसरा. म्हणजे रोज तीन गोळ्या, आणि हृदयाच्या गोळीला सुट्टी देणंही बंद. राबणाऱ्या बैलाला कसली सुट्टी, असं ते म्हणाले.

पोटऱ्यांत गोळे यायला लागले. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. जेवणावरची वासना गेली. सत्यभामाबाई घाटावर शेजारच्या बेबीबाईजवळ रडली, "हे धोतर तिसऱ्या डावा धुवून राहिली मी. पांढरंफेक हाय. आन ते मनतेत, हळदीत बुडवून आनलं का? माह्याच डोक्यात फरक पडला वाटते." बेबीबाईने ते गावभर केलं. म्हातारपणी नवऱ्याला बायकोच्या धुण्यात खोट दिसायला लागली, म्हणून बायका हसल्या. मीही हसलो.

दसऱ्यानंतरचा आठवा दिवस. सकाळी मी सायकलवरून साकोलीला निघालो, तर पारीवर अर्धं गाव जमलेलं. तुडुमाचे सगळे दट्ट्ये काढलेले होते आणि पाणी खळाळत खाली चाललं होतं. जागेश्वर, आमच्या पंचांतला मुख्य, कमरेवर हात ठेवून ओरडत होता. त्याचा हलका धान आदल्या दिवशी कापून बांधीत वाळत पसरला होता. तो आता तरंगत होता. पुंडलिकराव पारीवर बसले होते आणि खालच्या अख्ख्या हिरव्या शिवाराकडे बोट दाखवत होते.

"दिसत नाई का तुमाले? धान वाळून राहिला. समदा पिवळा पडला. टोकापासून पिवळा. यादोरावचा त पार गेला."

"कोनचा पिवळा?" जागेश्वर म्हणाला. "हिरवागार हाय धान. निसवून राहिला."

"चोवीस वर्षं मी धानाचा रंग पाहून पानी देल्लं. तू मले रंग शिकवतं?"

आणि इथे गावाला उत्तर सापडलं. पाणी कुठे चाललं होतं? टोकाकडे. टोकाला कोणाची बांधी? यादोरावची. चोवीस वर्षांत पाळी मोडली ती नेमकी वैऱ्यासाठी? कोणीतरी मागून म्हणालं, "यादोरावचं कोंबडं खाल्लं बुवानं." म्हणजे पुंडलिकरावांनी लाच घेतली. लोक हसले. यादोराव तिथेच उभा होता. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या बांधीत भरपूर पाणी आलं होतं आणि पहिल्यांदाच त्याला पाण्याविषयी काही बोलायचं नव्हतं. तोंड उघडलं तर चोर, मिटलं तर चोर. तो हळूच निघून गेला.

पुंडलिकरावांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा पाहू नये. त्यांना मारलं असतं तरी चाललं असतं. ते उठले, झोक गेला, आणि पारीवरच भडभडून ओकले. मी धरायला धावलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगात डॉक्टरांकडचा पांढरा सदरा होता.

"खेमराज," ते म्हणाले, "तुहा सदराही पिवळा हाय का गा?"

खिडकीवर सांगायची राहिलेली ती एक सूचना अक्षर न् अक्षर आठवली. मी त्यांची नाडी धरली. दोन ठोके, मग काहीच नाही, मग एक, मग पुन्हा खाडा. मी जागेश्वरला म्हणालो, "बैलगाडी जुंपा. भांडन मंग करा." जागेश्वर तापलेला होता, पण माणूस डोळ्यांदेखत मरू देणारा नव्हता. तुडूम ठोकायला दोघांना पाठवून त्याने स्वतः गाडी जुंपली.

डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या थांबवल्या, पोटॅशियम सुरू केलं आणि पाच दिवस खाटेवरून हलू दिलं नाही. दुखण्याच्या गोळ्यांची पुडी त्यांनी स्वतः नालीत टाकली. पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "सगळ्या सूचना दिल्या होत्यास ना?"

"हो साहेब," मी म्हणालो.

दहाव्या दिवशी पुंडलिकरावांना धोतर पांढरं दिसलं. त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक बसली. प्रश्न दट्ट्यांचा होता. ते पुंडलिकरावांकडे ठेवायचे की काढून घ्यायचे? दट्ट्ये गेले तर काम गेलं असतं, पण त्याहून मोठं म्हणजे कोंबड्याचा डाग कायमचा बसला असता, आणि आमच्या गावात असला डाग पोरांच्या सोयरिकीपर्यंत जातो. ते खांबाला टेकून बसले होते. अंगावरचं मांस इतकं उतरलं होतं की आता पाणी यायचं म्हटलं तरी जागा नव्हती.

मी उभा राहिलो आणि गोळ्यांचं सगळं सांगितलं. क्षार वाहून गेला, हृदयाची गोळी उलटली, म्हणून हिरवा धान पिवळा दिसला. जागेश्वरने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "कावीळ झाल्याले जग पिवळं दिसते, हे आमी आयकलं हाय. गोळीनं दिसते, हे आजच आयकतो." मग तो उठला, पुंडलिकरावांची पापणी अंगठ्याने खाली ओढली आणि सगळ्यांना दाखवली. डोळे पांढरे होते. "कावीळ त नाई," तो म्हणाला. चोवीस वर्षं गावाला पाणी देणाऱ्या माणसाची पापणी भर बैठकीत बैलाचे दात बघावेत तशी बघितली गेली, आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेव्हा बायकांच्या बाजूने बेबीबाई बोलली. "धोतराचं खरं हाय," ती म्हणाली. "सत्यभामाबाई तीनतीन डाव धूत होती. आमी हासत होतो तिले. दसऱ्याच्या आंधीपासून त्याइले पिवळं दिसून राहिलं होतं. तवा कोन्तं कोंबडं होतं?"

वैद्यकशास्त्राने जे झालं नाही ते धुण्याने झालं. जागेश्वर खाली बसला. पण तो पंच होता, एक प्रश्न उरला होता आणि तो त्याने विचारला.

"मंग एका गोळीच्या तीन काहून खाल्ल्या, पुंडलिकराव? कोनं सांगतलं होतं?"

मी अजून उभाच होतो. पुंडलिकरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. रांगेत त्या दिवशी हसलेल्यांपैकी दोघे तिथे बसलेही होते, पण त्यांना आठवत नव्हतं. हसणाऱ्याला कुठे आठवतं? दवाखान्यातलं काम, डॉक्टरांपुढचं "हो साहेब", माझी तालुक्यातली ऐट, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि मी बोललो नाही.

"कोनं नाई," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या अक्कलेनं खाल्ल्या."

दट्ट्ये त्यांच्याकडेच राहिले. त्या वर्षी भारी धान निम्मा पोचट निघाला आणि लोकांनी शिव्या दिल्या, पण त्या चुकीबद्दलच्या शिव्या होत्या, चोरीबद्दलच्या नव्हत्या. यादोराव दिवाळीनंतर पुन्हा म्हणू लागला की मले पानी भेटलंच नाई, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

पुंडलिकराव पुढे चार वर्षं जगले. दर महिन्याला गोळ्या न्यायला साकोलीला यायचे. पोटॅशियमची बाटली तोंड वाकडं करून पण रोज प्यायचे. मला त्यांनी त्या गोष्टीवरून एकदाही बोल लावला नाही, एकट्यात नाही की चारचौघांत नाही. फक्त दर महिन्याला खिडकीसमोर, मागे रांग उभी असताना, पुडी हातात घेऊन खणखणीत आवाजात विचारायचे, "का गा खेमराज, पानी जास्त असल त किती घ्याच्या?"

आणि मला सगळ्यांदेखत सांगावं लागायचं, "एकच, काकाजी." लोकांना वाटायचं, म्हातारा विसरभोळा झाला. चार वर्षं, महिन्यातून एकदा. मी खिडकीवर विनोद करायचं सोडून दिलं. लोक म्हणाले, खेमराज आता पहिल्यासारखा राहिला नाही.

शहाऐंशीच्या कार्तिकात ते गेले, झोपेत, आडवे झोपलेले असताना. तेराव्यानंतर सत्यभामाबाई एकटीच एस.टी.ने साकोलीला आली. उरलेल्या गोळ्यांची पुडी तिने खिडकीत ठेवली.

"त्याइनं सांगतलं होतं," ती म्हणाली, "गोळ्या उरल्या त खेमराजले वापस देजो. दुसऱ्याच्या कामी येतीन. आन एक गोष्ट इचारजो मने."

"काय काकी?"

तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. नवऱ्याने पाठ करून दिलेलं वाक्य तिने जसंच्या तसं म्हटलं, तेही मोठ्याने, कारण मोठ्यानेच विचारजो असं त्यांनी बजावलं होतं.

"पानी जास्त असल त किती घ्याच्या?"

रांगेत सात-आठ माणसं होती. आतून डॉक्टरही बघत होते.

"एकच, काकी," मी म्हणालो. "मी दोन सांगतल्या होत्या."